आत्याबाईंचं गुरगुरणं

सोमवार, ४

घरात माझं ऐकायला कुणी रिकामं नाही म्हणून आजपासून लिहिणार आहे. हे पेपर वाचतात आणि मधेमधे 'हं' म्हणतात. तो 'हं' मला असतो की पेपराला, हे इतक्या वर्षांत कळलेलं नाही. लेकीशी बोलायला जावं तर भांडण. त्यापेक्षा कागद बरा, उलट उत्तर देत नाही.

तर, सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात मी कामाला लागले. बिनपगारी. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, निवृत्त झाल्यावर महिनाभर घरातल्या खिडक्या पुसल्या, शेवटी खिडक्याही मला कंटाळल्या. गळ्यात शिट्टी घालूनच गेले. मॅनेजरने शिट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, इथे कुणी रांगेत उभं राहत नाही." म्हटलं, बघू.

निवारा म्हणजे पत्र्याच्या दोन लांब शेड, मधे सिमेंटचं अंगण, एक नळ आणि फिनेलचा वास. त्यातली एक शेड महिनाअखेर जागामालकाला परत द्यायची आहे. ज्यांना घर मिळेल ती कुत्री जातील. जी चारचौघांत राहू शकतात ती दुसऱ्या शेडमध्ये दाटीवाटीने मावतील. उरलेल्यांचं काय, विचारलं तर मॅनेजरने अंगणाच्या टोकाच्या दाराकडे नुसती मान वळवली. तिथे डॉक्टरीणबाईंचं टेबल आहे. सगळे तिला 'मागची खोली' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली करतात.

माझ्याकडे दिली ती शेवटच्या पिंजऱ्यातली कुत्री. तपकिरी, थोराड, एक कान फाटका, तोंडाभोवती पांढऱ्या मिशा. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात, इथे मिशा आहेत तरी नाव आत्याबाईच. मालकीण वारली आणि नातेवाइकांनी हिला निवाऱ्याच्या दाराशी बांधून काढता पाय घेतला. स्वभाव चांगला, चालायला नीट, फक्त एक खोड. जेवताना कुणी जवळ आलं की गुरगुरतात. त्या एका खोडीपायी मागची खोली. असं कसं चालेल?

मंगळवार, ५

परीक्षा कशी असते ते मॅनेजरने दाखवलं. काठीला रबरी हातमोजा बांधलेला, आत कापूस ठासून भरलेला. त्याला 'खोटा हात' म्हणतात. कुत्रं जेवत असताना तो थाळीत घालायचा. गुरगुरलं की नापास. आत्याबाई मोजा दिसायच्या आधीच, माझी चप्पल वाजली तेव्हाच गुरगुरल्या. खर्जात, संथ, एखाद्या म्हाताऱ्या बाईने दारातल्या वसुलीवाल्याला हाकलावं तशा.

"ही कठीण आहे," मॅनेजर म्हणाला.

म्हटलं, "माझ्या हातून याहून कठीण पोरी गेल्यात."

गुरुवार, ७

पद्धत ठरवली. गुरगुरल्या की कानाजवळ शिट्टी, आणि थाळी उचलायची. गप्प बसल्या की थाळी परत. सोपं आहे. आवाज केला तर जेवण नाही, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं.

पहिल्या शिट्टीला एवढ्या दचकल्या की पाय घसरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जीव वाचवायचा तर थोडं कडक व्हावंच लागतं.

संध्याकाळी घरी दुसरा अंक. लेकीला दुसऱ्या गावातली नोकरी खुणावते आहे, तो विषय पुन्हा निघाला. आवाज चढला, खुर्ची सरकली. मी बोट वर केलं. आमच्या घरात बोट वर झालं की बोलणं बंद, हा नियम ती पहिलीत असल्यापासूनचा. वर सांगितलं, खालच्या आवाजात बोलता येईल तेव्हाच मी ऐकेन. तिने खुर्ची परत जागेवर सरकवली आणि म्हणाली, "बरं."

हे म्हणाले, "तिचं म्हणणं तरी ऐकायचंस." म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

रविवार, १०

फरक पडतोय. आज गुरगुरणं निम्म्यावर आलं. घशात सुरू होतं आणि शिट्टीकडे नजर गेली की तिथेच विरतं. मला तर नाचावंसं वाटलं.

घरीही बरं चाललंय. लेक आठवड्यात एकदाही भांडली नाही. जेवायला बसते, जेवते, ताट धुते, खोलीत जाते. यांच्या ताटातला दुसरा बटाटा मी उचलला, साखर वाढलीय म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. यांनी बटाट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायले. शिस्त एकदा लागली की घर कसं गुळगुळीत चालतं.

बुधवार, १३

गुरगुरणं बंद. पूर्ण बंद. मी खोटा हात थाळीत फिरवला, आत्याबाई जेवण थांबवून नुसत्या उभ्या. अंग ताठ, मान खाली, डोळ्यांच्या कडेने हाताकडे बघताहेत, मधेच ओठ चाटताहेत. किती समंजस. पाहुण्यांसाठी हात आवरून घ्यावा तशा.

डॉक्टरीणबाई आज आल्या होत्या, त्या आठवड्यातून एकदाच येतात. वयाने माझ्या लेकीएवढ्या. पिंजऱ्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. विचारलं, "अजिबात गुरगुरत नाही?" म्हटलं, अजिबात नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "कधीपासून?" बहुतेक विश्वास बसत नव्हता. मग त्यांना मागच्या खोलीतून हाक आली आणि त्या गेल्या. मला शाबासकी द्यायची राहून गेली.

लेकीने स्वतःहून जुन्या चादरी काढून दिल्या, कुत्र्यांच्या अंथरुणाला. शिवाय दोन उशा, आणि ती निळी रजई, जिच्यावर लहानपणी ती कुणाला बसूसुद्धा द्यायची नाही. "ही पण?" विचारलं तर म्हणाली, "मला कुठे लागणारेय." मोठी झाली पोर. रजई आत्याबाईंच्या पिंजऱ्यात घातली.

शनिवार, १६

पास! मॅनेजरने स्वतः खोटा हात घातला, वर थाळी ओढली, परत ढकलली. आत्याबाई पुतळ्यासारख्या उभ्या. पिंजऱ्यावर हिरवं कार्ड लागलं.

कार्ड लागून तास झाला नसेल, एक म्हातारे शिंपी आले. बोटावर सुईच्या खुणा, बोलणं मऊ. बायको गेली, मुलगी नोकरीवर जाते आणि चार वर्षांची नात दिवसभर त्यांच्याकडे असते. त्यांना शांत, पोक्त कुत्री हवी होती. आत्याबाईंपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "आमच्यासारखीच दिसते. दमलेली." पुढच्या रविवारी नातीला घेऊन येतील आणि घेऊन जातील.

घरी येऊन यांना सांगताना रडू आलं. हे म्हणाले, "तुला रडताना बघून किती वर्षं झाली." लेक दारात उभी होती. तिला म्हटलं, बघ, चिकाटीने काय होतं ते. ती म्हणाली, "बरं झालं." आणि आत गेली.

सोमवार, १८

चावल्या.

डाव्या हाताने लिहिते आहे. थाळीत चिंधीचा तुकडा पडला होता, जेवताना घशात जाईल म्हणून काढायला हात घातला. माझा हात, खरा. काठी घ्यायचं डोक्यातसुद्धा आलं नाही, पास झालेल्या होत्या ना. एक आवाज नाही. ताठ उभ्या होत्या आणि पुढच्या क्षणी मनगट दातांत. सोडलंही लगेच. मग स्वतःच कोपऱ्यात गेल्या, रजईवर लघवी केली आणि थरथरत बसल्या. मला माझ्या हातापेक्षा ते थरथरणं बघवत नव्हतं.

शेडमध्ये कुणी नव्हतं. नळाखाली साबणाने हात धुतला, खूप वेळ. रुमाल बांधला, बाही ओढली. दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. तिथे सांगितलं, रस्त्यावरचं कुत्रं. घरी सांगितलं, पत्रा लागला.

चावलेल्या कुत्र्याला घर मिळत नाही, हा निवाऱ्याचा पहिला नियम आहे. मी तोंड उघडलं की ती मागच्या खोलीत गेलीच.

मंगळवार, १९

गेले नाही. अंग दुखतंय सांगितलं.

गुरुवार, २१

गेले. न जाऊन सांगते कुणाला. माझ्याकडे बघून आत्याबाईंनी शेपटी हलवली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. थाळी लांबून सरकवली. दिवसभर बाही खाली ओढत होते. मॅनेजर म्हणाला, "बाई, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या?" म्हटलं, वय झालं.

शिंप्यांनी शिवलेली गादी पाठवली आहे. कापडांचे तुकडे जोडून, कडेने दुहेरी शिलाई. गादीच्या कोपऱ्यात नातीने खडूने काहीतरी काढलंय, बहुधा कुत्रा. ती गादी पिंजऱ्यात घालवेना, तशीच गुंडाळून ठेवली.

मी मनाची समजूत घालते आहे. चूक माझी होती, अचानक हात घातला. म्हाताऱ्यांच्या घरी शांतता असेल. त्यांना सांगेन, जेवताना जवळ जाऊ नका. चार वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? ती मागे लागली की ऐकते होय? मग वाटतं, एकदाच तर झालंय. मग मनगट ठणकतं.

शनिवार, २३

लेकीने पकडलं. भांडी घासताना बाही वर गेली. तिने हात धरून पट्टी सोडली आणि दातांच्या खुणा बघितल्या. ओरडेल वाटलं. ओरडली नाही, खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "सांग."

सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं.

"आधी काहीच केलं नाही तिने?" तिने विचारलं. "गुरगुरली नाही?"

"ते तर मी बंद केलं ना."

ती पट्टी पुन्हा बांधत होती. बांधून झाल्यावरही हात धरूनच बसली. "मग तिने काय करायचं होतं, आई?" एवढंच म्हणाली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, पोर कुत्रीसाठी एवढी कळवळते, आणि आपल्याला माहीतच नव्हतं.

"उद्या सांगणार आहेस ना त्यांना?"

"सांगितलं तर मारतील तिला."

"आणि त्या मुलीला काही झालं तर?"

मी बोट वर केलं. सवयीने. ती उठून गेली. आता मध्यरात्र उलटली आहे आणि मला अजून ठरवता येत नाही. दोन जीव तराजूत घालायला मला कुणी सांगितलं होतं?

रविवार, २४

आजच लिहायला हवं.

सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. लिहिताना लाज वाटते, पण हेच खरं. शिंपी आले, नात आली. पिवळा फ्रॉक, हातात बिस्किट. आत्याबाईंना अंगणात आणलं, नवी गादी अंथरली, मॅनेजर कागद आणायला आत गेला. थाळी गादीशेजारीच होती, त्यात सकाळचं थोडं उरलेलं. पोर उकिडवी बसली आणि बिस्किट थाळीत ठेवायला हात पुढे केला.

आत्याबाई थांबल्या. अंग ताठ, मान खाली, डोळ्यांच्या कडेने त्या चिमुकल्या हाताकडे बघताहेत. ओठ चाटला. आजोबा कौतुकाने म्हणाले, "बघा कशी शांत उभी आहे."

त्या शांततेला मी तेरा तारखेला समंजस म्हणाले होते. पोरीला काखेत धरून उचललं आणि मागे फेकल्यासारखं आजोबांच्या अंगावर घातलं. पोर घाबरून भोकाड पसरून रडायला लागली. शिंपी थक्क. मी बाही वर केली.

"ही चावलीय मला. सोमवारी. मी लपवलं," मी म्हणाले. मॅनेजर कागद घेऊन दारात उभा होता, त्यानेही ऐकलं.

शिंप्यांनी मनगट बघितलं आणि नातीला जवळ ओढलं. मग म्हणाले, "बाई, माझी एकच नात आहे." ओरडले असते तर बरं झालं असतं. पोरीला कडेवर घेऊन गेले. गादी तशीच राहिली.

सोमवार, २५

मॅनेजर आणि मुद्दाम बोलावून घेतलेल्या डॉक्टरीणबाई, दोघांसमोर उभी होते. आजवर पोरं माझ्यासमोर अशी उभी राहायची.

मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला काढून टाकायला पाहिजे. पगार नाही म्हणून काढताही येत नाही." मग डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणाला, "नियम सरळ आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती आधी सांगत होती, जवळ येऊ नका. गुरगुरणं म्हणजे दारावरची पाटी. तुम्ही पाटी पुसलीत, दार तसंच राहिलं. आणि मी त्या दिवशी थांबून तुम्हाला हे सांगायला हवं होतं, गडबडीत गेले." मग मॅनेजरला म्हणाल्या, "न सांगता चावणारं कुत्रं मी कुणाच्या घरी पाठवणार नाही. पण महिनाअखेरपर्यंत हिचं गुरगुरणं परत आलं, तर लहान मुलं नसलेल्या घरी द्यायला माझी हरकत नाही. नाही आलं तर मागच्या खोलीत मीच असेन, दुसरं कुणी नसेल."

म्हणजे आता कुत्रीला गुरगुरायला शिकवायचं, आणि ते मी. देवा, तुला पण गंमत सुचते.

मंगळवार, २६

शिट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. थाळी ठेवायची आणि लांब जमिनीवर बसायचं. थोडं पुढे सरकायचं, त्या ताठ होताहेत असं वाटलं की लगेच मागे. काही आवाज आला तर अजून मागे, आणि वर मांसाचा तुकडा फेकायचा. दिवसभर पुढेमागे सरकून सिमेंटने साडीची पार वाट लावली. आवाज नाही. माझ्या गळ्याकडे बघतात, शिट्टी कुठे आहे ते शोधतात.

संध्याकाळी लेकीला सांगायला गेले, तुझं बरोबर होतं. तिच्या खोलीत मी बऱ्याच दिवसांनी गेले. भिंतीवरचे फोटो नाहीत, कपाट उघडं आणि रिकामं, पलंगावर नुसती गादी. चादरी, उशा, रजई, सगळं मीच माझ्या हाताने कुत्र्यांना पोचवलेलं. दाराशी बॅग.

"शनिवारी निघते," ती म्हणाली. "नोकरी घेतली. दोन आठवडे झाले."

"आणि मला?"

"तुला कधी सांगायचं होतं?"

बोट वर जायला निघालं होतं. दुसऱ्या हाताने धरून खाली ठेवलं, शब्दशः धरून. स्टूल मागे ओढलं, दाराला टेकवलं आणि बसले. "बोल," म्हटलं.

आधी बॅगेची चेन लावत बसली. मग सुटली. पहिलीपासूनचं काढलं. शिट्टी वाजवून उठवायचीस, मैत्रिणींसमोर बोट दाखवायचीस, बाबांच्या ताटातलं उचलतेस. आवाज एवढा चढला की हे पेपर टाकून दाराबाहेर येऊन उभे राहिले. काही गोष्टी खोट्या होत्या, निदान मला तशा आठवत नाहीत. मधे बोलले नाही. शेवटी ती दमली आणि रडली, मग मीही रडले.

शुक्रवार, २९

अजून नाही. दोन दिवस राहिले. मॅनेजर येऊन बघतो आणि जातो.

दुपारी थाळी ठेवून बसले होते. थोडी पुढे सरकले. आत्याबाई ताठ झाल्या, मी लगेच मागे झाले. पुन्हा पुढे. या वेळी त्यांनी मान न हलवता माझ्याकडे बघितलं, आणि घशातून काहीतरी आलं. इतकं बारीक, की लांबून मोटार जातेय असं वाटलं. मी सरपटत भिंतीपर्यंत मागे गेले. मांसाचा तुकडा फेकला. हातांनी तोंड दाबलं होतं, हुंदका बाहेर पडू नये म्हणून.

त्यांनी तुकडा खाल्ला, माझ्याकडे बघितलं, थाळीवर मान आडवी ठेवली आणि पहिल्या दिवसासारख्या गुरगुरल्या. खर्जात, संथ. एवढं गोड मी काही ऐकलेलं नाही.

शनिवार, ३०

लेक गेली. स्टँडवर सोडायला गेलो. काही सूचना केल्या नाहीत, फार जड गेलं. बस सुटताना तीच खिडकीतून ओरडली, "इंजेक्शन चुकवू नकोस." हो म्हटलं. घर खायला उठलंय.

रविवार, ३१

डॉक्टरीणबाईंनी स्वतः खोटा हात घेतला. आत्याबाई गुरगुरल्या, त्या मागे झाल्या, आत्याबाई थांबल्या. तीनदा केलं. "हिला कुणी घेणार असेल तर आजच," त्या म्हणाल्या. संध्याकाळी शेड रिकामी व्हायची होती.

हे माझ्याबरोबर आले होते. यांना कुत्र्यांची भीती, लहानपणापासून. आत्याबाई जेवत होत्या, हे चुकून दोन पावलं जवळ गेले, आत्याबाई गुरगुरल्या आणि हे पटकन मागे आले. मला वाटलं, संपलं सगळं.

हे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. जेवताना कुणी हात घातलेला मलाही नाही आवडत."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

यांनी खिशातून पेन काढलं. मॅनेजरला विचारलं, "सही कुठे करायची?"

मंगळवार, ९

आत्याबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जेवतात आणि तेवढा वेळ आम्ही तिकडे फिरकत नाही. शिंप्यांना गादी परत करायला गेले तर म्हणाले, असू दे, तिच्याच मापाची शिवलीय. नात आतून बघत होती. निघताना तिने आत्याबाईंसाठी बिस्किट दिलं.

लेकीचा फोन आला. खोली, घरमालकीण, ऑफिसातला साहेब, सगळ्यांवर चिडलेली, आणि अर्ध्यातून माझ्यावर. अर्धा तास भांडली. मी ऐकलं. बरं वाटलं.

रात्री जेवायला बसलो. यांनी दुसरा बटाटा वाढून घेतला. साखर वाढलेलीच आहे अजून, माझा हात आपोआप ताटाकडे गेला. तर हे गुरगुरले. खरंच, घशातून, माझ्याकडे न बघता. कोपऱ्यातून आत्याबाईंनी मान वर केली. मी हात मागे घेतला.